पट आणि पोट

अगं, आईबाबांच्या आधी माझ्याशी बोललीस ते बरं केलंस. घरात विषय निघाला की बाबा पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, बोलतात, आई गप्प होते आणि तू पट उचलून आतल्या खोलीत जातेस. अशानं कुणाचंच कुणाला कळत नाही. तुझा प्रश्न सरळ आहे. दहावी झाली, आता कॉलेजला रामराम ठोकून दिवसभर बुद्धिबळच खेळावं का, म्हणजे ग्रँडमास्टर होता येईल? तुझी अक्काही सरळच सांगते. खेळ. मन लावून खेळ, कुणी काही म्हणो. पण कॉलेज सोडू नकोस. ग्रँडमास्टर होणं हा एक हिशेब आहे आणि बुद्धिबळावर जगणं हा दुसरा. दोन्ही एकाच वहीत लिहिले की पद लांबलं तर खेळच नकोसा होतो, आणि तुझ्यासारख्या मुलीला खेळ नकोसा झालेला मला बघायचा नाही.

आधी पदाचा हिशेब घेऊ. दिव्या देशमुखनं २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तुझ्या मनानं हे घेतलंय, मला ठाऊक आहे. घ्यायलाच हवं. नागपूरची मुलगी, वय एकोणीस, स्पर्धेतलं मानांकन पंधरावं. वाटेत चीनची झू जिनेर, आपली हरिका आणि पुन्हा चीनची तान झोंगयी यांना हरवून ती अंतिम फेरीत गेली, तर समोर कोनेरू हम्पी. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावातला पहिलाही बरोबरीत, आणि दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. त्या विजयाबरोबर ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. बातुमीला जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. हे वाचून तू मला लगेच फोन केलास, "बघ अक्का, नॉर्म नसताना पण होतं की!"

होतं. विश्वचषक जिंकला तर होतं. बाकी सगळ्यांना ठरलेली वाट चालावी लागते, आणि ती तुला आकड्यांसकट माहीत असायला हवी. जागतिक संघटनेचं, म्हणजे फिडेचं, रेटिंग एकदा तरी २५०० ला पोहोचायला हवं आणि ग्रँडमास्टरचे नॉर्म हवेत, साधारणपणे तीन, मिळून किमान २७ डावांचे. एक नॉर्म म्हणजे बहुतेक वेळा नऊ डावांची स्पर्धा, आणि तीत २६०० च्या तोडीची कामगिरी. समोरच्यांपैकी निदान तीन ग्रँडमास्टर हवेत, निम्मे तरी बुद्धिबळातलं पद मिळवलेले हवेत, आणि काही सवलती सोडल्या तर परदेशी खेळाडूही हवेत. समोरच्यांची सरासरी २३८० असेल तर नऊपैकी सात गुण. सात! तू जिल्ह्याच्या स्पर्धेत सात गुण घेतेस ते वेगळे आणि हे वेगळे. असे प्रतिस्पर्धी हुबळीत बसून मिळत नाहीत. त्यासाठी दिल्ली-मुंबईच्या मोठ्या खुल्या स्पर्धा, आणि पुढे स्पेन, सर्बिया, हंगेरी. म्हणजे प्रवेशशुल्क, तिकिटं, व्हिसा, हॉटेल, आणि तू लहान म्हणून बरोबर येणाऱ्या आईची रजा.

आता जे सांगते ते मनाला लावून घेऊ नकोस. दिव्या पाचव्या वर्षी पटावर बसली. २०१२ मध्ये सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती झाली, २०१४ मध्ये दरबानला दहा वर्षांखालची जगज्जेती, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची. तुझ्या वयाला तिचं काम महिला ग्रँडमास्टर पदापर्यंत आलं होतं. तुला सोळा पूर्ण झालीत आणि तुझं रेटिंग सतराशेच्या आसपास आहे. मधलं अंतर मोठं आहे. ते झाकून तुला टाळ्या देणारी माणसं भेटतील, शिकवण्या चालवणाऱ्यांत तर हमखास भेटतील. त्यांच्या गोड बोलण्यावर बाबांचे पैसे जायला नकोत.

पण एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे आणि ती फार थोड्या घरांत कुणी समजावून सांगतं. रेटिंगच्या गणितात एक गुणक असतो, खेळाडू त्याला 'के' म्हणतात. ज्या वर्षी तुला अठरा पूर्ण होतील त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, आणि रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, तुझा 'के' ४० आहे. त्यानंतर तो २० होतो, आणि २४०० गाठल्यावर कायमचा १०. याचा अर्थ असा की बरोबरीच्या खेळाडूला आज हरवलंस तर तुला २० गुण मिळतात. दोन वर्षांनी त्याच विजयाचे १० मिळतील. हरलीस तर जातातही तितकेच, हे विसरू नकोस. म्हणून ही दोन-सव्वादोन वर्षं महत्त्वाची आहेत. जास्त खेळायचं तर आत्ता, पण तयारी करून. सुट्टी मिळाली की दिसेल त्या स्पर्धेत नाव घालायचं आणि मागच्या स्पर्धेतले हरलेले डाव न बघताच पुढच्या गाडीत बसायचं, हे नाही चालायचं. एक स्पर्धा, मग तीन-चार आठवडे त्या डावांवर काम, मग दुसरी स्पर्धा. पीयूसीच्या वेळापत्रकात हे बसतं, मी बसवून दाखवते तुला.

आणि वयाचं म्हणशील, तर आपल्याच राज्याकडे बघ. कर्नाटकाचा पहिला ग्रँडमास्टर म्हणजे म्हैसूरचा तेजकुमार. विश्वनाथन आनंद देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला १९८८ मध्ये. त्यानंतर आपल्या राज्याला आपला पहिला मिळायला २०१७ उजाडलं. भारताचा पन्नासावा ग्रँडमास्टर, आणि तेव्हा तेजकुमारचं वय छत्तीस. पुढे २०२२ मध्ये बंगळुरूचा प्रणव आनंद पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाला. एकच राज्य, एकच पद. पंधरावालाच खरा आणि छत्तीसवाला मागे राहिला, असं मी म्हणणार नाही. उलट तेजकुमारचं मला जास्त कौतुक वाटतं. तो रेल्वेच्या नोकरीत होता. महिन्याचा पगार येत होता, म्हणून एखादं वर्ष वाईट गेलं तरी पट बंद करावा लागला नाही. मी दोन हिशेब म्हणते ते हेच. आणि दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय कुठंय? तुझ्या घरापासून रिक्षानं जाशील इतक्यावर, हुबळीत. रेल्वे, एलआयसी, तेल कंपन्या खेळाडूंना घेतात. हम्पी ओएनजीसीत आहे, आपली स्वाती घाटे एलआयसीकडून खेळली. पण खेळाच्या कोट्यातली नोकरी असली तरी शिक्षणाची अट असतेच, आणि बहुतेक चांगल्या जागांना पदवी लागते. बाबा पीयूसी म्हणतात त्यामागे ही काळजी आहे, त्यांना ती नीट मांडता येत नाही इतकंच. तू मांड त्यांच्याऐवजी. मात्र सायन्सच घे असा त्यांचा हट्ट असेल तर तिथे मी तुझ्या बाजूनं बोलेन. सीईटी आणि नीटच्या शिकवण्या सकाळ-संध्याकाळ खातात. कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलंस तर रोजचे तीन-चार तास पटाला उरतील. आर्ट्स घेतलेल्या मुलीचं काही अडत नाही. अडतं असं धारवाडच्या लोकांनी तरी म्हणू नये, ज्या गावात बेंद्रे आणि जी. ए. कुलकर्णी शिकवत होते.

तुला वाटत असेल, अक्का पदाला कमी लेखते. नाही गं. पण पदाशिवायही खेळ वाया जात नाही. तुला मी आपल्या मागच्या पिढीतल्या बायकांचं सांगते, कारण तुझ्या वयाच्या मुलींना आनंद आणि गुकेश माहीत असतात, पण ह्या माहीत नसतात. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली ती आपल्या बंगळुरूत. जिंकली वासंती खाडिलकर. तिच्या धाकट्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. राष्ट्रीय स्पर्धेची पहिली वर्षं या तिघींनीच गाजवली. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या घरातल्या ह्या मुली. ज्यांची नाट्यपदं तुझी आजी अजून गुणगुणते ते खाडिलकर. धाकटी रोहिणी तेरा वर्षांची असताना, १९७६ मध्ये, पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळायला उतरली. केवढा गदारोळ झाला! मुलगी पुरुषांत कशी खेळणार, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांनीच सांगितलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून बायकांना अडवता येणार नाही. आज तू खुल्या गटात नाव घालतेस आणि टेबलावरचा माणूस काही न विचारता पावती फाडतो, त्यामागे एका तेरा वर्षांच्या मराठी मुलीनं सोसलेलं आहे. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. नंतर पत्रकारिता शिकली, जर्मनीला जाऊन मुद्रणाचं शिक्षण घेतलं आणि 'संध्याकाळ'ची संपादक झाली. जयश्री 'नवाकाळ'ची संपादक. दोघींपैकी कुणी ग्रँडमास्टर नव्हती. त्यांच्या ऐन भरात तर भारतात एकही पुरुष ग्रँडमास्टर नव्हता. मग त्यांचं आयुष्य बुद्धिबळात वाया गेलं म्हणशील?

तशीच सांगलीची भाग्यश्री साठे, लग्नानंतरची भाग्यश्री ठिपसे. पाच वेळा राष्ट्रीय विजेती, १९८७ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये आशियाई विजेती. नवरा प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झालेला, देशातला तिसरा. सांगली मुंबईसारखं मोठं शहर नव्हे, आपल्या हुबळीपेक्षाही लहान. पण तिथे भाऊसाहेब पडसलगीकर होते आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ होतं. एका माणसानं गावात पट मांडून ठेवले, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, बाहेरगावच्या पोरांची राहण्याजेवणाची सोय बघितली, म्हणून तिथून खेळाडू निघाले. गावाला खेळाडू असेच मिळतात. हुबळीहून बेळगाव-मिरजेवरून गाडीनं सांगली गाठता येते. उन्हाळ्यात तिथल्या स्पर्धेला जायचं असेल तर मी येईन तुझ्याबरोबर.

आणि गुरूसाठी गाडीनं जाणं ही आपल्या हुबळीला काही नवी गोष्ट नाही. गंगूबाई हनगल हुबळीत राहायच्या आणि सवाई गंधर्वांकडे शिकायला रेल्वेनं कुंदगोळला जायच्या. पदरात मुलं, घरात पैशाची ओढ, आणि संध्याकाळची ती गाडी. पद्मविभूषण मिळालं ते २००२ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर. तू चिगरी बसमध्ये अर्धा तास उभं राहून धारवाडला वर्गाला जावं लागतं म्हणून कुरकुरतेस तेव्हा मला ह्यांची आठवण होते, खोटं कशाला सांगू.

आता ज्या गोष्टी बाबांसमोर बोलायच्या नसतात त्या सांगते. पाळीची तारीख स्पर्धेच्या तारखेबरोबर बघून ठेव. क्लासिकलचा डाव चार-पाच तास चालतो. पोटात दुखत असताना तेवढा वेळ बसावं लागलं तर गरम पाण्याची बाटली, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी आणि गडद रंगाचे कपडे पिशवीत असू देत. बाथरूमला जावं लागलं तर उठून जा, तुझी चाल असेल तर पंचाला, म्हणजे आर्बिटरला, विचारून. डावाच्या आधी उपाशी राहू नकोस आणि पोटभर भातही नको. हॉटेलच्या खोलीत तुझ्या शेजारी कोण झोपणार ते आईला आधी कळलं पाहिजे. शिकवणारा कितीही मोठा असो, त्याच्या घरी एकटीनं वर्ग नको, रात्री-अपरात्री मेसेज नकोत. ज्याला हे नियम आवडत नाहीत त्याच्याकडे शिकायचं नाही, मग त्याचं रेटिंग काही का असेना. आणि कुणी विचित्र वागलंच तर ते मनात ठेवून पुढचा राउंड खेळायचा नाही. त्याच रात्री मला फोन. राउंड गेला तर जाऊ दे.

लोक बोलतात त्याचंही सांगते. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झेची स्पर्धा खेळून आल्यावर दिव्यानं उघडपणे लिहिलं की प्रेक्षक तिच्या डावांपेक्षा तिचे केस, कपडे आणि बोलण्याची ढब यांवरच बोलत होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी गांधीनगरला ती मुलींची जागतिक ज्युनियर विजेती झाली, आणि बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघाचं आणि स्वतःच्या पटाचं अशी दोन्ही सुवर्णपदकं घेऊन आली. तुलाही हुबळीत कुणीतरी म्हणेलच, "मुलगी असून बरं खेळतेस." त्याच्याशी वाद घालत बसू नकोस आणि ते कौतुक म्हणून घेऊही नकोस.

महिला ग्रँडमास्टर पदाबद्दल तू विचारलं होतंस. त्याला २३०० रेटिंग आणि २४०० च्या तोडीचे नॉर्म लागतात, म्हणजे इंटरनॅशनल मास्टरपेक्षाही ते खाली बसतं. मिळालं तर मानानं घे, पेढे वाट. पण तिथे थांबायचं ठरवू नकोस. आजवर जगात खरं ग्रँडमास्टर पद मिळवलेल्या बायका पन्नासच्या आतच आहेत. भारतातल्या नव्वदहून अधिक ग्रँडमास्टरांत चौघी, हम्पी, हरिका, वैशाली आणि दिव्या. माझ्या मते ह्याचं एक मोठं कारण असं की मुलींना लहानपणापासून मुलींच्या गटातलं बक्षीस दाखवलं जातं. ते जवळ असतं, सोपं असतं, घरचे खूश होतात, आणि वरच्या दर्जाच्या माणसांशी गाठच पडत नाही. वैशालीचंच बघ. धाकटा भाऊ प्रज्ञानंद बारा वर्षांचा असताना, २०१८ मध्ये, ग्रँडमास्टर झाला. थोरलीला ते पद २०२३ च्या डिसेंबरात मिळालं, वय बावीस. पाच वर्षं घरात धाकट्याचं कौतुक होत असताना ती आपलं काम करत राहिली. तुझा भाऊ तुझ्या पुढे गेला म्हणून मागच्या महिन्यात तू पट फेकला होतास ना? वैशालीचे डाव काढून बघ.

पोटाच्या हिशेबात आणखी एक. बुद्धिबळात राहायचं तर फक्त खेळूनच राहता येतं असं नाही. अभिजित कुंटे पुण्याचा, २००० मध्ये ग्रँडमास्टर. बुडापेस्टला सुवर्ण जिंकलेल्या आपल्या महिला संघाचा कर्णधार तोच. अमृता मोकल आणि सागर शहा यांनी चेसबेस इंडिया उभं केलं, आणि आज कुठल्या गल्लीतल्या मुलानं काय जिंकलं ते देशाला त्यांच्यामुळे कळतं. आर्बिटरची परीक्षा आहे, शिकवणं आहे, समालोचन आहे. हुबळी-धारवाडात लहान मुलींना शिकवणारी बाई हवीच आहे, कारण खूप आया मुलीला पुरुष शिक्षकाकडे पाठवायला कचरतात आणि मग ती मुलगी खेळतच नाही. अठरा झाल्यावर शनिवार-रविवार शिकवायला लाग. स्पर्धेचा निम्मा खर्च निघेल आणि तुझे एंडगेमही पक्के होतील.

बाबांकडून मागच्या वर्षीचा खर्च मागून घे. तू स्वतः लिही: शुल्क, प्रवास, शिकवणी, पुस्तकं, आईच्या बिनपगारी रजा. आकडा बघून अपराधी वाटून घेऊ नकोस. पण तो आकडा माहीत असलेली मुलगी तीन चालींत बरोबरी करून खोलीवर झोपायला जात नाही. दोन वर्षांची मुदत ठरवा तिघं मिळून. अठरा सरेपर्यंत २००० च्या वर गेलीस तर पुढच्या टप्प्याचं बोलू, परदेशाचंही बोलू. नाही गेलीस तर कॉलेज आहे, पट आहे, आणि छत्तिसाव्या वर्षापर्यंत वेळ आहे.

आता पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेचा फॉर्म भरताना मुलींच्या गटात नाव घालू नकोस, खुल्या गटात घाल. समोर दोन हजाराचा आला तरी पंधराव्या चालीला बरोबरी मागायची नाही. हरलीस तर डाव लिहिलेला कागद जपून आण, आपण दोघी बसून बघू. आणि पहिल्या राउंडची पेअरिंग लागली की मला कळव.